कैचीचा जोड क्लिक करून बसत नाही

आधी एक साधा प्रश्न. आपल्यापैकी किती जणांनी लाकडी कैचीला कधी टेप लावून पाहिला आहे? कैची म्हणजे कात्री नव्हे हं, छपराची कैची. वर्गात आपण जिला ट्रस म्हणतो, तीच ही. ट्रस सोडवायला आपल्याला सगळ्यांना येतो. मेथड ऑफ जॉइंट्स म्हणा, मेथड ऑफ सेक्शन्स म्हणा, आदल्या रात्री चहावर चहा पिऊन का होईना, गणित सुटतं. कॉम्प्युटर लॅबमध्ये तर ते दहा मिनिटांचं काम. नोड टाका, मेंबर जोडा, सपोर्ट द्या, लोड द्या, रन करा. संपलं!

पण त्या नोडच्या जागी प्रत्यक्ष छपरात काय असतं? तिथे एक खाच असते. एक कुसू असतं आणि ते बसायला एक भोक असतं. लोखंडी पट्टी असते, दोन बोल्ट असतात, कधी नुसताच खिळा असतो. आणि शंभरातल्या नव्वद वेळा छपराला काही झालं तर ते याच ठिकाणी होतं, असं जुने सुतार सांगतात. स्क्रीनवर मात्र तिथे फक्त एक ठिपका असतो. त्या ठिपक्याला लांबी नाही, रुंदी नाही आणि वाळवीही लागत नाही!

माझं मत सरळ आहे. लाकडी छपरात जोड हीच खरी रचना असते आणि आपण नेमका तोच भाग सोडून बाकी सगळं शिकतो. तुम्ही म्हणाल, लाकडी छप्पर आता बांधतंय कोण? या प्रश्नाकडे मी नंतर येणारच आहे. आधी हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते सांगते.

शिराळा तालुक्यात आमच्या आजोबांचं कौलारू घर आहे. पावसाचा भाग, त्यामुळे उतार चांगला तीव्र. पुढचा जुना भाग पणजोबांच्या वेळचा आणि मागची लांब खोली आजोबांनी नंतर वाढवलेली. गेली दोन वर्षं घरात एकच चर्चा चालू आहे. काका म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. आजी म्हणते, मी जिवंत असेपर्यंत कौलं हलणार नाहीत. एका ठेकेदाराने खाली अंगणात उभं राहूनच सांगितलं, "लाकूड आहे, त्याचं काही सांगता येत नाही." शिडी मागितली नाही, टेप काढला नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरातली इंजिनिअर ना मी!

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि आमचे सुतार तात्या शिडी लावून माळ्यावर चढलो. तात्या सत्तरीचे आहेत. मी विचारलं, "तात्या, हा टॉप कॉर्ड केवढा आहे?" ते म्हणाले, "त्ये काय आसतंय? ह्यो तिरपा, ही तुळई, ह्ये आढं, ह्या रिपा. आता इचार."

मी पडले कॉन्व्हेंटची. आढं, वासा, वळचण हे शब्द मला माहीत होते ते म्हणींच्या प्रश्नापुरते. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात वगैरे. अर्थ लिहायचा, वाक्यात उपयोग करायचा, दोन मार्क घ्यायचे. या म्हणी मुळात बिल्डिंग कन्स्ट्रक्शनमधल्या आहेत हे तिथे माळ्यावर उकिडवं बसल्यावर कळलं. असो.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घराच्या जुन्या भागात आणि मागच्या खोलीत छप्पर दिसायला अगदी सारखं आहे. खाली आडवी तुळई, दोन बाजूंनी दोन तिरपे, मध्ये एक उभा खांब, वर आढं. दोन्हींचं रेखाचित्र काढलं तर रेघ न् रेघ तीच येते. पण तात्यांनी मधल्या खांबाच्या तळाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो खांब तुळईवर बसलाय. मागं ज्यो हाय त्यो तुळईला धरून लोंबतोय."

या एका वाक्यात अर्धा सेमिस्टर आहे. नीट पाहू या.

जुन्या भागात आढ्याचं सगळं ओझं मधल्या खांबावर येतं, खांब ते तुळईच्या मध्यावर देतो आणि तुळई ते वाकून सोसते. खांबात दाब आहे. ही खरं तर कैचीच नाही. हा खांब-तुळईचा आपला जुना देशी प्रकार आहे. मागच्या खोलीत दोन्ही तिरपे वरती एकमेकांना रेटून बसले आहेत आणि खालची टोकं तुळईच्या खाचेत अडकवली आहेत. ओझं तिरप्यांतून भिंतीकडे जातं. तुळई दोन्ही पाय फाकू नयेत म्हणून ओढून धरते. मधला खांब वरच्या टोकाला तिरप्यांमध्ये पकडलेला आणि खाली लोखंडी पट्टीने तुळईला उचलून धरलेला. त्याच्यात ताण आहे. पुस्तकात ज्याला किंग पोस्ट ट्रस म्हणतात तो हा. किंग पोस्ट नावात 'पोस्ट' असल्यामुळे तो दाबात असेल असं वाटतं, पण तो ओढला जात असतो.

आकडे घालून बघा म्हणजे फरक कळेल. हिशोब सोपा जावा म्हणून समजा गाळा ६ मीटर, आढ्याची उंची १.५ मीटर, आणि आढ्यावर १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन ओझं. खांब तुळईवर बसला असेल तर तुळईच्या मध्यावर वाकवणारा मोमेंट येतो १५ किलोन्यूटन-मीटर. सागवानासारख्या लाकडाला १२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर परवानगी धरली तर १५० बाय २२५ मिलिमीटरची तुळई लागते. तेच ओझं खऱ्या कैचीवर ठेवा. प्रत्येक तिरप्यात ११.२ किलोन्यूटन दाब आणि तुळईत १० किलोन्यूटन ताण. त्या ताणासाठी नुसत्या गणिताने ३० बाय ३० मिलिमीटरचा तुकडा पुरतो! अर्थात स्वतःचं वजन, झोळ, खाचा, बोल्टची भोकं यांच्यामुळे एवढी बारीक तुळई कोणी ठेवत नाही. पण फरकाची कल्पना आली ना?

रेघा त्याच आणि वागणं उलट. ठरवतं कोण? जोड! आणि सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही. स्टॅड प्रोमध्ये तुम्ही सगळ्या मेंबरांना ट्रस मेंबर म्हणून टाकलं की दोन्ही छपरं त्याला खऱ्या कैच्याच वाटतात. मेंबर रिलीज कुठे द्यायचा, तुळई मध्यावर सलग ठेवायची की तोडायची, तिरप्याचं टोक तुळईला खरंच अडकलंय की नुसतं टेकलंय, हे सगळं माणसाने पाहून सांगायचं असतं. अंगणात उभं राहून ते दिसत नाही.

दुसरं उदाहरण तिरप्याच्या पायाचं. तिरप्याचं खालचं टोक तुळईच्या खाचेत बसतं आणि तुळईला बाहेरच्या दिशेने ढकलतं. आपल्या हिशोबात हा आडवा रेटा १० किलोन्यूटन. हा रेटा कोण अडवतं? खाचेच्या पुढे तुळईचं जे नाक शिल्लक राहतं ते. ते नाक आखूड असेल तर लाकूड रेषेरेषेने चिरत सरळ बाहेर निसटतं, आणि मग कैची कैची राहत नाही. तुळई १०० मिलिमीटर रुंद आणि रेषेच्या दिशेने कातर सोसायची परवानगी ०.९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली तर खाचेच्या पुढे किमान १११ मिलिमीटर लाकूड हवं. मी हे वहीत सोडवलं आणि तात्यांना विचारलं, तुम्ही किती सोडता? ते म्हणाले, "खाचेम्होरं वीतभर सोडायचं. आमच्या बापानं सांगितलंय." वीत म्हणजे नऊ इंच, २२५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हिशोबाच्या दुप्पट! टोकाचं लाकूड वाळताना तडकतं, त्याची सोयही त्यात आली. कोणता कोड वाचला होता त्यांच्या वडिलांनी?

आता हेच मॉडेलमध्ये बघा. स्टॅडमध्ये तुळई सपोर्टच्या नोडपाशी संपते. नाक शून्य मिलिमीटर. रेव्हिटमध्ये ट्रसची फॅमिली निवडा, दोन टोकांवर क्लिक करा, छपराला अटॅच करा, कैची तयार. पण जवळ जाऊन पाहिलं तर जोडापाशी लाकडं एकमेकांच्या पोटात घुसलेली असतात. भुतासारखी आरपार! मग कोणतं लाकूड सलग जाणार, कोणतं कापलं जाणार, खाच किती खोल, टोक किती पुढे काढायचं, हे एकेक करून द्यावं लागतं. बहुतेक जण तेवढ्यावर सोडून देतात, कारण दुरून रेंडर छान दिसतो आणि सबमिशन उद्या असतं. स्टीलच्या कैचीत गसेट प्लेट टाकून निभावतं. लाकडात निभावत नाही, कारण एका लाकडाला बसायची जागा करायची तर दुसऱ्या लाकडातून तेवढं मांस काढावंच लागतं. जिथे बळ जास्त हवं तिथेच लाकूड कमी होतं. जोड नीट न काढणं म्हणजे रचनेतली सगळ्यात नाजूक जागा न पाहणं.

शिवाय लाकूड म्हणजे स्टील नव्हे. स्टील कुठूनही दाबा, सारखंच वागतं. लाकूड रेषेच्या दिशेने दाबलं तर भरपूर सोसतं, आडवं दाबलं तर त्याच्या साधारण एक तृतीयांशच. तिरपा तुळईत कोनात बसतो, म्हणजे दोन्हींच्या मधली अवस्था. त्यासाठी हँकिन्सनचं सूत्र आहे, ते १९२१ पासूनचं आहे. आपल्याकडे लाकडी बांधकामाचा कोड आहे आयएस ८८३, त्याची सुधारित आवृत्ती २०१६ साली आली. त्यात लाकडाचे गट पाडले आहेत, आतल्या, बाहेरच्या आणि ओल्या जागेसाठी वेगळ्या परवानग्या दिल्या आहेत, वाऱ्यासारखं थोडा वेळ येणारं ओझं असेल तर परवानगी १.३३ पटीने वाढवता येते. खिळ्यांच्या आणि बोल्टच्या जोडांसाठीही वेगळे कोड आहेत. आयएस ८०० आपल्याला तोंडपाठ. आयएस ८८३ लायब्ररीत मागून बघा, मागितल्यावर समोरचा माणूस तुमच्याकडे कसा पाहतो तेही बघा.

आता मघाचा प्रश्न. लाकडी छप्पर बांधतंय कोण? नवं फार कोणी बांधत नाही, हे खरं आहे. सागवानाचा भाव ऐकला तरी घाम फुटतो आणि स्टीलचे पाइप, पत्रा एका आठवड्यात उभे राहतात. पण नवं बांधणं हा एक प्रश्न झाला. जे उभं आहे त्याचं काय करायचं, हा दुसरा. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. तेव्हापासून ती कौलं आणि त्यांच्याखालच्या कैच्या पश्चिम महाराष्ट्रात शाळा, चावड्या, डाक बंगले, रेल्वेच्या इमारती, साधी घरं अशा सगळ्यांवर बसल्या. सांगलीच्या गावभागात फिरा, वाईला जा, पाचगणीला जा, मान वर करून बघा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. पूर ओसरला की प्रत्येक जुन्या घरासमोर एकच प्रश्न उभा राहतो: ठेवायचं की पाडायचं? हा प्रश्न इंजिनिअरला विचारला जातो. आणि इंजिनिअरला लाकूड तपासता येत नसेल तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. पाडा! जे येत नाही ते धोकादायक म्हणून सांगणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुरक्षित.

कोणी म्हणेल, भूकंप झाला तर? प्रश्न योग्य आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच सातारा जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला काय झालं तेही आपण ऐकलंय. किल्लारीच्या घरांवर मातीचे जाड, जड धाबे होते आणि भिंती मातीत रचलेल्या गोल-वेड्यावाकड्या दगडांच्या. त्यातून लोकांच्या मनात एवढंच राहिलं की दगड-लाकूड वाईट आणि स्लॅब चांगला. खरा धडा जोडांचा होता. छप्पर हलकं हवं, ते भिंतीला बांधलेलं हवं, भिंती कोपऱ्यात एकमेकींना धरून हव्यात. जोड नसलेला स्लॅबही कोसळतो.

आणखी एक कारण सांगते. कोल्हापूर आपल्यापासून तासा-दीड तासावर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह. छप्पर आणि आतलं बरंच काही एका रात्रीत गेलं. पुनर्बांधणी हाती घेतली गेली हे चांगलंच झालं. पण त्या रात्री माझ्या मनात आलं ते वेगळंच. अशा किती वास्तू आपल्या आसपास आहेत, ज्यांच्या छपराचा एकही जोड कोणी मोजून ठेवलेला नसेल?

पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ ला जळालं तेव्हा मध्ययुगातलं ओक लाकडाचं छप्पर पूर्ण गेलं. ते पुन्हा ओक लाकडातच, हाताने कुऱ्हाडीने तासून उभं केलं गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती वास्तू पुन्हा उघडली. हे शक्य कसं झालं? २०१० साली अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने त्या इमारतीचं लेसर स्कॅनिंग केलं होतं, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण छपराची लाकडं, त्यांचे जोड, एकेक तुकडा मोजून काढला होता तो रेमी फ्रोमाँ आणि सेड्रिक त्रांतेसो या दोन तरुण वास्तुविशारदांनी, २०१४ च्या सुमारास. तो त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. म्हणजे आपल्या भाषेत, टर्मवर्क! पुढे त्याच टर्मवर्कवरून सुतारांनी लाकडं कापली. आपल्या टर्मवर्कचं पाच वर्षांनी काय होतं? रद्दीवाला किलोने नेतो.

म्हणून मी सॉफ्टवेअरच्या विरोधात अजिबात नाही. उलट सॉफ्टवेअर हवंच. तात्यांचं सगळंच बरोबर असतं असंही मी म्हणत नाही. आमच्याच मागच्या खोलीत एका कैचीच्या तुळईला मध्यावर जोड दिला आहे, दोन बाजूंना फळ्या आणि खिळे मारून. तात्यांना तो जोड "मजबूत" वाटतो, कारण त्यांच्या मते तुळईवर वरून काही ओझंच नाही. पण तिथे ताण आहे हे मॉडेल लगेच दाखवतं, आणि ताणाचा जोड खिळ्यांच्या भरवशावर सोडायचा नाही, तिथे बोल्ट आणि पट्ट्या हव्यात हे हिशोबाने सांगता येतं. मी त्यांना स्क्रीनवर लाल-निळं दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मंजे ही ओढली जातीया व्हय?" मग पुढच्याच दिवशी त्यांनी बोल्ट किती जाडीचा लागेल ते विचारलं. त्यांना माझा हिशोब उपयोगी पडला, मला त्यांची वीत. दोघांपैकी एकाकडे सगळं नव्हतं.

आणि मॉडेलची मर्यादाही त्याच छपराने दाखवली. आमच्या चारही कैच्या कागदावर पास झाल्या. स्टॅडमधून फोर्स घेतले, आयएस ८८३ प्रमाणे हाताने तपासले, सगळं ठीक. सॉफ्टवेअरने कौल दिला म्हणा ना! पण दोन कैच्यांची भिंतीत गाडलेली टोकं तात्यांनी पटाशीने टोचली तर पटाशी लोण्यात गेल्यासारखी आत गेली. वरचं एक कौल फुटलेलं, पाणी वर्षानुवर्षं भिंतीतून त्या टोकावर मुरत होतं, आणि टोक चुन्या-मातीत घट्ट बुजवलेलं, वाऱ्याला वाव नाही. बाकीचं सगळं लाकूड टणटणीत. म्हणजे दुखणं होतं दोन टोकांना आणि सल्ला मिळाला होता घर पाडायचा! तात्या म्हणतात, कैचीला खालून टेकू देऊन तेवढी टोकं बदलता येतील. निर्णय अजून घरात व्हायचा आहे. काका खर्चाचा अंदाज मागतायत आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण आता निदान चर्चा नक्की कशाबद्दल आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

बाहेरच्या जगात लाकूड संपलं असंही समजू नका. नॉर्वेतली म्योस्टोर्नेट ही ८५.४ मीटर उंचीची इमारत २०१९ साली लाकडात उभी राहिली, अमेरिकेतल्या मिलवॉकीची २५ मजली असेंट २०२२ मध्ये. तिथे चिकटवलेल्या थरांची मोठमोठी लाकडं वापरतात, जोडात लोखंडी पट्ट्या आणि पिना आत बसवतात, आणि प्रत्येक खाच कॉम्प्युटर मॉडेलवरून मशीनने कापली जाते. तिथल्या मॉडेलमध्ये जोड हा ठिपका नसतो, कारण ठिपका मशीनला कापता येत नाही.

लांब कशाला जायचं? आपल्या शेजारच्या मिरजेत भोपळा आणि लाकूड जोडून सतार करणारी घराणी आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जोड बसला नाही तर सूर लागत नाही. हॉस्टेलवरून लोकलने मिरज किती लांब आहे?

आता नुसती टीका करून थांबत नाही. चार गोष्टी सुचवते, स्टाफनेही जरूर विचार करावा.

पहिली, थर्ड इयरच्या टर्मवर्कमध्ये प्रत्येक ग्रुपला एक उभी लाकडी कैची मोजायला द्यावी. आपलं गाव, आजोळ, जुनी शाळा, देऊळ, काहीही चालेल. घरमालकाची परवानगी घ्यायची, शिडी कोणीतरी धरायची आणि एकट्याने वर चढायचं नाही. लागतं काय? टेप, ओळंबा, वही, मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च.

दुसरी, कॉम्प्युटर मॉडेल करताना एक तरी जोड पूर्ण काढायचा. खाच, कुसू, नाक, पट्टी, बोल्ट सगळं. मार्क रेंडरला कमी आणि त्या एका जोडाला जास्त. विद्यार्थ्यांना ही सॉफ्टवेअरं शिक्षणासाठी फुकट मिळतात, तेव्हा पैशांची सबब चालणार नाही.

तिसरी, वर्षातून एक दिवस एखाद्या जुन्या सुताराला वर्कशॉपमध्ये बोलवावं. हार-नारळ देऊन भाषण करायला नको, रंधा आणि पटाशी देऊन जोड करायला. आणि मानधन द्यावं, जसं बाहेरून येणाऱ्या एक्स्पर्टला देतो तसंच.

चौथी, मोजलेल्या सगळ्या कैच्या रद्दीत न जाता डिपार्टमेंटमध्ये एका ठिकाणी जमा व्हाव्यात. त्याबरोबर शब्दही. टाय बीमला शिराळ्यात काय म्हणतात, जतला काय, वाईला काय. एका बॅचने वीस कैच्या मोजल्या तरी पाच वर्षांत शंभर होतील. उद्या एखादं छप्पर पुरात, आगीत किंवा नुसत्या कंटाळ्याने गेलं, तरी ते कसं होतं हे कोणाला तरी सांगता येईल.

यातलं काहीही अवघड नाही. आपल्या पिढीला कॉम्प्युटर येतो, आणि तात्यांच्या पिढीला लाकूड येतं. या दोन पिढ्यांना जोडायला अजून थोडीच वर्षं हातात आहेत, कारण तात्यांच्या मुलांनी पटाशी हातात घेतलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा फराळ झाल्यावर एकदा माळ्यावर डोकवा. मधल्या खांबाचा तळ पाहा, तो तुळईवर बसलाय की तुळईला धरून लोंबतोय. आणि सुट्टी संपवून परत याल तेव्हा मला लेडीज हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमकरवी निरोप पाठवा. यादी मी सुरू केली आहे. सध्या तिच्यात चार कैच्या आहेत.